तीन टक्क्यांवरचा विश्वास

समुद्रातल्या तेलविहिरींनी मासळी संपवली असं कुणी म्हणालं, की माझ्याकडे उत्तर तयार असे. जगभरच्या समुद्रांत दरवर्षी जेवढं खनिज तेल मिसळतं, त्यात समुद्रातल्या तेलउत्पादनाचा वाटा जेमतेम तीन टक्के. निम्म्याच्या आसपास तेल समुद्रतळाच्या भेगांमधून आपोआप पाझरतं. उरलेलं टँकर, जहाजं, शहरांची गटारं आणि वाहनांचं सांडलेलं ऑइल. मग खापर विहिरींवर का फोडायचं? रायगड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आणि मनापासून सांगत आलो. आता मी तसं सांगत नाही. का नाही, हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. हा युक्तिवाद माझ्याकडून ऐकलेली मुलं आज ठिकठिकाणी नोकरीला आहेत, आणि त्यांतली कित्येक ऑफशोअरलाच आहेत.

आकडा खोटा नव्हता, आजही नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली ‘ऑइल इन द सी’ या अभ्यासाची तिसरी आवृत्ती काढली. त्यातला हिशेब असा : वर्षाला सुमारे १३ लाख टन तेल समुद्रात येतं. नैसर्गिक पाझरातून ६ लाख, तेलाच्या रोजच्या वापरातून ४ लाख ८० हजार, वाहतुकीतून दीड लाखाच्या आसपास आणि उत्पादनातून ३८ हजार टन. विज्ञानाच्या माणसाला असा तक्ता हाती लागला की वाद मिटल्यासारखा वाटतो.

पण नुसत्या तक्त्याने माणूस एवढा ठाम होत नाही. त्यामागे माझ्या पिढीची एक भावना होती. १९७३ च्या तेलसंकटात रॉकेलच्या रांगा पाहिलेली आम्ही माणसं. त्या पाठोपाठ १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, आणि २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झालं. ‘बॉम्बे हाय’ हे नाव आमच्या घरांत अभिमानाने घेतलं जाई. उरणला पाइपलाइन आली, प्रकल्प आले. चौदा दिवस ड्यूटी आणि चौदा दिवस सुट्टी करणाऱ्या मुलांची घरं पक्की झाली, बहिणींची लग्नं झाली. ज्या गोष्टीने आपल्या विद्यार्थ्यांचं भलं झालं, तिच्यावर कुणी आरोप केला की मास्तर आधी बचावालाच उभा राहतो. मीही राहिलो.

घटनाही माझ्या बाजूने साक्ष देत होत्या. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. तेलाचा तवंग एलिफंटा, उरण, अलिबागच्या किनाऱ्यांना लागला, खारफुटीची मुळं काळी पडली, आणि मुंबईत लोकांनी मासे खाणं सोडल्याने कोळणींच्या टोपल्या तशाच राहिल्या. ‘बघा,’ मी वर्गात म्हणालो, ‘हे विहिरीचं तेल नाही, जहाजाचं आहे.’ मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून उरणला येणारी पाइपलाइन फुटून हजारो टन तेल समुद्रात गेलं होतं, ते मला ठाऊक होतं. ते मी अपघाताच्या खात्यात टाकत असे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या डांबरगोळ्यांचंही तसंच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या गोळ्यांचे रासायनिक ठसे जुळवले, तेव्हा काही नमुने बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, तर काही टँकर धुताना सोडलेल्या आग्नेय आशियाई तेलाशी. मी दुसरा भाग मोठ्याने सांगायचो.

माझं मन वळायला सुरुवात झाली ती एका प्रश्नाने. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील करंजा बंदरात मासेमारी बोटीचे तांडेल होते. त्यांना मी तीन टक्क्यांचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, तेल तुम्ही मोजलंत. मावरं मोजलं का कुणी?’ मावरं म्हणजे मासळी.

त्यांनी सगळा दोष तेलाला दिला नव्हता. पर्ससीन, एलईडीचे दिवे लावून केलेली मासेमारी, खाड्यांत सोडलेलं कारखान्यांचं पाणी, बंदरांसाठी टाकलेले भराव, सगळं त्यांच्या बोलण्यात आलं. त्यांचा प्रश्न साधा होता : विहिरी यायच्या आधी त्या पाण्यात काय होतं आणि आता काय आहे, याचा हिशेब कुणाकडे आहे? माझ्याकडे नव्हता. पण मी टनांत बोलत होतो आणि ते जिवांत, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मी तो तक्ता पुन्हा काढला. या वेळी टक्केवारी न पाहता उत्पादनाच्या रकान्याची फोड पाहिली. ३८ हजारांपैकी ३६ हजार टन तेल तेलासोबत वर येणाऱ्या पाण्यातून समुद्रात जातं. प्लॅटफॉर्मवरच्या अपघातांचा आणि गळतीचा वाटा हजार टनही नाही. म्हणजे मी जे ‘अपघात’ म्हणून बाजूला काढत होतो, ते या रकान्यात जवळजवळ नव्हतंच. जवळजवळ सगळा आकडा रोजच्या, नियमातल्या, परवानगी असलेल्या कामाचा होता. माझ्या युक्तिवादाचा पाया तिथे सरकला.

हे पाणी काय असतं, ते रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला आधीच समजायला हवं होतं. तेल ज्या खडकात असतं त्याच खडकात लाखो वर्षांचं खारं पाणीही असतं. शिवाय तेलाला वर ढकलण्यासाठी समुद्राचं पाणी खाली सोडतात, तेही पुढे तेलासोबत परत येतं. विहीर जितकी जुनी, तितकं पाणी जास्त. जगाची सरासरी एका बॅरल तेलामागे तीनेक बॅरल पाण्याची सांगतात. प्लॅटफॉर्मवर तेल, वायू आणि पाणी वेगळं केलं जातं, पाण्यातला तेलकट अंश कमी केला जातो आणि बरंचसं पाणी समुद्रात सोडलं जातं. आपल्या नियमानुसार त्यात तेलाचं प्रमाण ९५ टक्के तपासण्यांमध्ये लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि १०० च्या वर कधीच जाता कामा नये. युरोपच्या उत्तर समुद्रात ही मर्यादा ३० आहे. आपल्या मर्यादेत काटेकोर राहून एक कोटी लिटर पाणी सोडलं, तरी ४०० किलोपर्यंत तेल समुद्रात जाऊ शकतं. आणि हा झाला तेलाच्या थेंबांचा हिशेब. त्याच पाण्यात विरघळलेलं बेंझिन असतं, फिनॉल असतात, जड धातू असतात, खडकातून आलेलं रेडियमही असू शकतं. थेंब मोजणाऱ्या तपासणीत ही सगळी मंडळी येत नाहीत.

तरी पाणी समुद्रात पडलं की झपाट्याने विरळ होतं, हे सांगितलंच पाहिजे. नॉर्वेत प्लॅटफॉर्मच्या भोवती वेगवेगळ्या अंतरांवर शिंपल्यांचे पिंजरे टांगतात, काही आठवड्यांनी ते काढून त्यांच्या शरीरात काय साठलं ते तपासतात. तिथे परिणाम दिसतो तो मुख्यतः एक-दोन किलोमीटरच्या आत. त्यामुळे बॉम्बे हायच्या पाण्याने करंजाचं मावरं मरतं असं म्हणायला मला आधार नाही आणि मी ते म्हणत नाही. पण एक-दोन किलोमीटरच्या आतला समुद्रही समुद्रच असतो, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढे प्लॅटफॉर्म एक-दोन नाहीत, डझनांनी आहेत.

त्यानंतर मी जे वाचलं त्याने माझा टनांवरचा विश्वास पुरता गेला. फेनान्थ्रीन हे तीन कड्यांचं संयुग मी फळ्यावर इतकी वर्षं काढलं की डोळे मिटून काढता येईल. कच्च्या तेलात ते आणि त्याची भावंडं असतातच. २०१४ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी ट्यूनाच्या हृदयाच्या पेशी कच्च्या तेलात ठेवून पाहिल्या. हृदयाचा ठोका पडतो तो पेशीत कॅल्शियमची ये-जा होते आणि पोटॅशियम बाहेर जातं म्हणून. तेलातल्या या संयुगांनी नेमका तोच व्यवहार बिघडवला. ठोक्यांची लय चुकली. त्याच वर्षी ट्यूनाच्या अंड्यांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश, एवढ्या अंशानेही अंड्यातल्या पिल्लाचं हृदय वेडंवाकडं घडतं. असलं पिल्लू लगेच मरेलच असं नाही. ते पोहताना दमतं, शिकार करू शकत नाही, दुसऱ्याची शिकार होतं. त्याचा मृत्यू कुठल्याच तवंगात दिसत नाही, कुठल्याच किनाऱ्यावर येऊन पडत नाही.

मिठाचं पोतं आणि आर्सेनिकची चिमूट तराजूत घालून मीठ जास्त घातक असं मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला म्हणू दिलं नसतं. समुद्राच्या बाबतीत मी स्वतः तेच करत होतो. तळाच्या भेगांतून पाझरणारं ६ लाख टन तेल जगभर पसरलेलं आहे, ते हजारो वर्षांपासून हळूहळू येतं, आणि त्याच्या आसपासची जीवसृष्टी त्याच्याशी जुळवून वाढलेली आहे. विहिरीचं तेल एका ठरावीक जागी येतं. ती जागा माशांच्या विणीची असेल, किंवा तो महिना अंडी तरंगण्याचा असेल, तर तीन टक्के या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आपण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतो, कारण तो काळ विणीचा. डांबरगोळे किनाऱ्याला लागतात तोही पावसाळाच. ही दोन वाक्यं मला कायम वेगवेगळ्या धड्यांतली वाटली होती. समुद्रात ती एकाच पाण्यात घडतात.

मेक्सिकोच्या आखातातली दुर्घटना मी सुरुवातीला अपवाद म्हणून सोडून दिली होती. २० एप्रिल २०१० ला ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि दीड हजार मीटर खोलीवरच्या त्या विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिलं. अमेरिकी न्यायालयाने समुद्रात गेलेलं तेल ३१ लाख ९० हजार बॅरल धरलं. म्हणजे सव्वाचार लाख टनांच्या वर. ज्या ३८ हजार टनांवर माझा सगळा युक्तिवाद उभा होता, त्याच्या दहापटीहून जास्त एका विहिरीने तीन महिन्यांत ओतलं. सरासरीच्या तक्त्यात अशा गोष्टी मावत नाहीत आणि सरासरीवर विसंबलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत.

पण तिथला आकडा मला फारसा सलत नाही, तिथे काय काय उशिरा सापडत गेलं ते सलतं. सगळं तेल वर आलंच नाही. हजारेक मीटर खोलीवर त्याचा एक मोठा पट्टा आडवा पसरत गेला. पृष्ठभाग स्वच्छ दिसावा म्हणून तेल विखुरणारं रसायन ७० लाख लिटरच्या आसपास वापरलं गेलं, त्यातलं बरंच थेट विहिरीच्या तोंडाशी. विहिरीपासून ११ किलोमीटरवर, काळोख्या तळावर, शतकानुशतकं वाढलेली प्रवाळं तपकिरी चिखलाखाली मरताना सापडली. बराटारिया उपसागरातल्या डॉल्फिनांना फुप्फुसांचे विकार जडले, आणि तपासलेल्या गाभण माद्यांपैकी पाचांतल्या एकीचंच पिल्लू जगलं. राइस व्हेल या देवमाशाची वेगळी जात म्हणून ओळख पटली २०२१ मध्ये. तो फक्त या आखातात राहतो आणि आता पन्नासेकच उरला आहे. म्हणजे गळतीच्या वेळी ज्याला विज्ञानाने अजून वेगळं नावही दिलं नव्हतं, असा एक जीव त्या तेलात सापडला होता.

आवाजाचा विचार तर मी कधी केलाच नव्हता. तेल शोधायचं तर आधी सर्वेक्षणाचं जहाज येतं. ते दर दहा-पंधरा सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडतं आणि तळाखालून येणारा प्रतिध्वनी टिपतं. रात्रंदिवस, कित्येक आठवडे. आमच्याकडे असं जहाज आलं की डोल उचला, जाळी काढा असं सांगितलं जातं, आणि मग मच्छीमार भरपाईसाठी भांडतात. मला वाटे, प्रश्न बुडालेल्या दिवसांच्या मजुरीचा आहे. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मोजून पाहिलं, तेव्हा सर्वेक्षणाच्या पट्ट्यात कॉड आणि हॅडॉकची पकड जवळपास ७० टक्क्यांनी घसरली, तीसेक किलोमीटरपर्यंत परिणाम जाणवला आणि बार थांबल्यावर पाच दिवसांनीही मासळी पूर्ववत झाली नव्हती. २०१७ मध्ये टास्मानियाजवळच्या प्रयोगात असा हवेचा बार सोडणाऱ्या एका छोट्या एअरगनने सव्वा किलोमीटरपर्यंतच्या प्राणिप्लवकांत मेलेल्यांचं प्रमाण दोन-तीन पटींनी वाढलेलं आढळलं. जाळ्यात न अडकणारे हे इवले जीव बहुतेक सगळ्या मासळीच्या अन्नाचा पाया असतात. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक गट आहे. जगातले बाकीचे हंपबॅक हजारो मैलांची ये-जा करतात. हे अरबी समुद्र सोडून जात नाहीत, सुमारे ७० हजार वर्षं ते इतरांपासून वेगळे राहिलेत. ओमानच्या किनाऱ्यापुढे त्यांची संख्या शंभराच्याही आत धरतात. ते गाण्याने एकमेकांना शोधतात. त्यांच्या समुद्रात दर दहा सेकंदांनी बार काढायचा असेल, तर आधी विचार करायला हवा. माझ्या मते काही जागी काढूच नये.

एका बाबतीत मात्र माझं जुनं मत मी सोडलेलं नाही. ऑफशोअरला असलेली माझी मुलं सांगत, ‘सर, प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासेच मासे असतात.’ ते खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या जुन्या प्लॅटफॉर्मांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तळाच्या चौरस मीटरमागे होणाऱ्या मासळीच्या वाढीत ते जगातल्या उत्तम अधिवासांच्या पंक्तीला बसतात, असं त्यात निघालं. लुइझियाना आणि टेक्सासमध्ये निकामी सांगाडे मुद्दाम कृत्रिम खडक म्हणून पाण्यात ठेवले जातात. याला मी पूर्वी तेलउद्योगाचं प्रशस्तिपत्र मानत असे. आता मला त्यातून वेगळं काही दिसतं. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं संरक्षित वर्तुळ असतं, तिथे ट्रॉलर जात नाहीत. लोखंडाच्या पायांनी आसरा दिला आणि बंदीने जीव वाचवले. ती बंदी पाळायला तेल निघण्याची गरज नाही.

मग विहिरी बंद करा असं मी म्हणतो का? नाही. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. बॉम्बे हाय उद्या बंद केलं तर ती तूट टँकर भरून काढतील, आणि टँकर समुद्राचं काय करतात ते आपण किनाऱ्यावर पाहतो. तिथे काम करणाऱ्यांबद्दल माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. जुलै २००५ मध्ये बॉम्बे हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म आगीत गेला तेव्हा बावीस माणसं गेली. ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना त्या कामाची किंमत कुणी सांगायला नको.

बदललं आहे ते हे : ‘फार थोडं तेल जातं, म्हणून फार थोडं नुकसान होतं’ हे वाक्य मी आता कुणाच्याही तोंडचं मान्य करत नाही. जिथे आधी जीव मोजलेले नाहीत, तिथे नवं सर्वेक्षण आणि नवी विहीर नको, या मताला मी आलो आहे. पूर्वी मी याला अडवणूक म्हटलं असतं. ज्या नुकसानीची आधीची नोंदच नाही, ते नुकसान नंतर कुणालाही सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून ते झालंच नाही असं धरलं जातं. करंजाच्या तांडेलांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं ते याच कारणाने.

आपल्याकडे तपासण्या होत नाहीत असं नाही. पाण्याचे आणि तळाच्या चिखलाचे नमुने घेतले जातात, ते काम जाणणारे शास्त्रज्ञ इथे आहेत. पण आमच्या किनाऱ्यावरच्या एकाही मच्छीमार सोसायटीत मला असा अहवाल कुणाच्या हाती दिसलेला नाही. बॉम्बे हायचे जुने सांगाडे कधी ना कधी काढावे लागतील. त्यांचं काय करायचं हे ठरवण्याआधी त्यांच्या पायाशी काय जगतंय ते मोजलं गेलं पाहिजे, आणि मोजणाऱ्यांत तांडेल असले पाहिजेत. आपल्या प्लॅटफॉर्मभोवतीही शिंपल्यांचे पिंजरे टांगावेत. विणीच्या महिन्यांत आणि विणीच्या जागी सर्वेक्षणाचे बार बंद ठेवावेत. सोडलेल्या पाण्याचे आकडे वर्षातून एकदा मराठीत छापून किनाऱ्यावरच्या प्रत्येक सोसायटीकडे पाठवावेत.

माझ्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती आज हे आकडे आहेत, त्यांना मी हे थेट सांगतो आहे. तुमच्या नोकरीच्या नियमांत जेवढं बसतं तेवढं तरी बाहेर येऊ द्या. आणि वर्गात मी सांगितलेलं तीन टक्क्यांचं गणित कुणी तुमच्यापुढे मांडलं, तर त्याला विचारा, मावरं मोजलं का.